दोन्हींत जे कमी ते

६ ऑक्टोबर

विजेचं बिल आलं. आकडा वाचला आणि कागद होता तसा घडी घालून परत पाकिटात सरकवला, जसं काही उघडलंच नाही. नेहमीच्या तिप्पट.

भाड्याचं मशीन घरात येऊन महिना झाला. ते हवेतून ऑक्सिजन गाळून नळीने नाकाशी पोचवतं. हे तीस वर्षं फरश्यांच्या कारखान्यात दगड घासत होते. ती भुकटी छातीत जाऊन बसली आहे आणि आता उठायचं नाव घेत नाही. डॉक्टरांनी बजावलंय, दिवसातले सोळा तास नळी लावायचीच. मशीन पलंगाशेजारी कोपऱ्यात उभं असतं, घरघरतं, कुणाला बोलू देत नाही आणि खातं मात्र दाबून. ह्यांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव घरजावई ठेवलं.

घरात बोलायचं म्हणजे ओरडायचं, म्हणून मी हे लिहायला लागले.

बिलं नेहमी हेच बघायचे. चष्मा लावून, ओळीखाली पट्टी धरून. मी कपड्यांच्या दुकानात मागच्या खोलीत आल्टरेशन करते. मापं माझी, आकडे ह्यांचे, अशी आमची जुनी वाटणी. पण आता चार वाक्यं बोलली की ह्यांना धाप लागते. डॉक्टर म्हणाले होते, घरी असं मशीन असेल तर वीज कंपनी सवलत देते. किती, कशी, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. ते आता मी शोधून काढणार.

९ ऑक्टोबर

दुकानातून सुट्टी काढून वीज कंपनीच्या ऑफिसात गेले. खिडकीमागे एक बाई, खांद्यावर शाल, सर्दीने नाक लाल. मला वाटलं होतं, ही वसकन अंगावर येणार. पण तिने माझंच बिल उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने जिना काढला.

तिने सांगितलं ते असं. वीज सगळी एका भावाने मिळत नाही. खालच्या पायरीवरची युनिटं स्वस्त, वरच्या पायरीवरची महाग. आपण दोघंच होतो तेव्हा खालच्याच पायरीवर राहायचो. मशीनने आपल्याला उचलून पार वर नेऊन ठेवलं. सवलत म्हणजे एवढंच, की मशीनने खाल्लेली युनिटं वेगळी काढायची आणि त्यांना खालच्या पायरीचाच भाव लावायचा. महिन्याचा जो ठरलेला आकार असतो, वीज वापरा नाहीतर नका वापरू, त्यात सवलत नाही. आणि अर्ज केला त्या तारखेपासून पुढे, मागचं काही मिळत नाही.

मला हे अगदी पटकन कळलं. कोटाचं कापड आणि अस्तर वेगळं मोजतात, तसं.

मी विचारलं, पण मशीनने किती खाल्लं हे तुम्हाला कसं कळणार, मीटर तर एकच. ती म्हणाली, मशीनच्या मागे एक काटा असतो, ते किती तास चाललं ते दाखवतो. अर्जात तो आकडा लिहून द्यायचा, काही आठवड्यांनी आमचा माणूस येऊन पुन्हा बघेल. "डॉक्टरांनी लिहिलेले तास आणि काट्यावरचे तास. दोन्हींत जे कमी ते आम्ही धरतो, मावशी."

मी म्हटलं, आमचे दोन्ही सारखेच निघतील.

१० ऑक्टोबर

संध्याकाळी ह्यांना सगळं समजावून सांगितलं. जिनासुद्धा काढून दाखवला. ह्यांनी पट्टी मागितली. मला फार बरं वाटलं, किती दिवसांनी ह्यांचं लक्ष कशात तरी लागलं.

मग मी माझी हुशारी दाखवली. मशीन एका तासाला किती वीज खातं ते त्याच्या पाठीवर लिहिलेलं असतं. त्याला वरच्या पायरीच्या भावाने गुणलं. म्हटलं, बघा, एका तासाची वीज म्हणजे मला चार बटणं लावावी लागतात.

"चार?"

"चार. दुकानवाला बटणाला जे देतो त्या हिशेबाने."

हे हसले. मग जरा वेळाने विचारलं, मशीन बंद असेल त्या तासांचं काही लागत नाही ना? मी म्हटलं, बंद मशीन काय खाणार? तुमचे आकडे अजून पक्के आहेत हो.

१५ ऑक्टोबर

अर्ज दिला. डॉक्टरांचं पत्र, मशीनची पावती, काट्याचा आकडा. शालवालीने शिक्का मारला आणि म्हणाली, वेळ लागेल, धीर धरा.

लेकीचा फोन आला होता. ती पैसे पाठवते म्हणाली. ह्यांनी मानेनेच नको म्हटलं, मी तेच तिला सांगितलं. तिचंही घर आहे, लहान मूल आहे. आणि जावयाच्या पैशावर श्वास घ्यायचा, हे ह्यांना कसं चालणार.

२३ ऑक्टोबर

दुकानवाल्याला विचारून संध्याकाळचंही काम घेतलं. लग्नसराई तोंडावर आली आहे, कोट आणि झगे रांगेने टांगलेत. आता रात्रीच्या जेवणापर्यंत मी तिथेच. ह्यांच्या जेवणाचं झाकून ठेवते, दुपारी वन्सं येऊन बसतात. ह्यांची धाकटी बहीण, दोन गल्ल्या सोडून राहते. ह्यांना माझं संध्याकाळचं जाणं आवडलेलं नाही. मी चप्पल घालत होते तेव्हा भिंतीकडे तोंड करून होते.

मला काय हौस आहे? पण सवलत मंजूर होईपर्यंत दुसरा मार्ग दिसत नाही.

३ नोव्हेंबर

वन्सं आज दुकानात डोकावल्या. म्हणाल्या, दादाला आता बरं वाटतंय असं दिसतं, खिडकीशी बसला होता, लहानपणच्या गोष्टी काढत होता, घरात किती शांत वाटलं. मलाही ऐकून बरं वाटलं. माझ्याशी मात्र दोन शब्दांच्या वर बोलत नाहीत. मी घरी पोचते तेव्हा दमलेले असतात, डोळे मिटलेले.

एक गंमत. खालून जिना चढताना आमचा घरजावई मुळीच ऐकू येत नाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आले की एकदम घरघर सुरू होते. इमारतीची बांधणीच तशी असावी. पण वाटतं, जणू माझ्या पावलांची वाट बघत असतो.

१२ नोव्हेंबर

बिल आलं आणि चक्क कमी आलं. पहिल्यांदा खरं वाटेना. खालचा आकडा तीनदा वाचला. सवलत लागू झाली! कागद यायचा आहे अजून, पण त्यांचं तसंच असतं, आधी काम मग कागद. येताना संत्री घेतली. ह्यांच्या हातात बिल दिलं तर ह्यांनी ते बराच वेळ धरून ठेवलं. पट्टी मागितली नाही.

"कमी झालं," म्हणाले.

"मग? सांगितलं नव्हतं मी?"

"कामाचं बघ आता. संध्याकाळचं सोडून दे."

मी म्हटलं, अजून एक महिना. मागची थकबाकी भरून टाकू, मग सोडते.

ह्यांनी संत्र्याची एक फोड खाल्ली, बाकीची मला दिली.

२१ नोव्हेंबर

थंडी वाढली आहे. ह्यांची नखं निळसर दिसतात. मी हातमोजे विणायला घेतले. पायही सुजलेत, सारखे बसून असतात म्हणून असेल. सकाळी मला वन्संच्या नावाने हाक मारली, मग स्वतःच चपापले. वय होतंय आमचं.

२६ नोव्हेंबर

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बोटाला चिमटा लावून बघितलं, पुन्हा लावून बघितलं. मशीन सोळा तास चालतं ना, म्हणून विचारलं. मी म्हटलं, चालतं म्हणजे काय, आमची झोप त्याच्याच घरघरीवर. डॉक्टर ह्यांच्याकडे बघत होते. हे भिंतीवरचा छातीचा तक्ता बघत होते. डॉक्टरांनी एक गोळी वाढवली.

४ डिसेंबर

कंपनीचा माणूस येऊन गेला. कॅनव्हासचे बूट, हळू बोलणारा, दाराबाहेर बूट काढून आत आला. मशीनच्या मागे वाकून काटा वाचला, लिहून घेतला, पुन्हा वाकून वाचला. मी चहा ठेवला. चहा होईपर्यंत तो ह्यांच्या पलंगाशी नुसता बसून होता.

निघताना ह्यांना म्हणाला, "काका, मशीन लावत जा."

भला माणूस. सगळ्यांनाच असं काही तरी बोलत असेल. हे त्याच्याशी एक अक्षर बोलले नाहीत. मला लाज वाटली, दारात आलेल्याशी असं वागायचं असतं का?

१७ डिसेंबर

कंपनीचं पत्र आलं. सवलत मंजूर, पण दिवसाला नऊ तासांचीच. सोळा मागितले, नऊ दिले. खाली लिहिलंय, प्रत्यक्ष वापरानुसार.

माझं डोकंच फिरलं. म्हणजे ह्यांनी नऊच तास श्वास घ्यावा असं कंपनीचं म्हणणं आहे का? आणि गेल्या महिन्यात जी सवलत मिळाली ती कशाची मग? जुनं बिल काढून बघितलं. सवलतीची ओळ आहे, ओळीसमोर शून्य आहे. मी त्या दिवशी फक्त खालचा आकडा बघितला होता.

मग बिल कमी कसं आलं, हे काही मला उमगेना. काटाच बिघडलेला असणार. आणि मीटरही. उद्या जाते आणि सोक्षमोक्ष लावते. ह्यांना पत्र दाखवलं. म्हणाले, जाऊ दे गं, मिळतंय ते घे. इतक्या लवकर हार मानणारा हा माणूस नव्हे.

१८ डिसेंबर

हे लिहावं की नाही कळत नाही. पण लिहिलं नाही तर कुणाला सांगू?

सकाळी ऑफिसात गेले, भांडायच्या तयारीनेच. शालवालीला म्हटलं, काटा खोटा आहे, तुमचा माणूस खोटा आहे, मी रोज रात्री त्या मशीनशेजारी झोपते. मागे रांग होती, लोक ऐकत होते. तिने मला बोलू दिलं. मग खिडकीचं दार लावून बाहेर आली आणि मला बाकावर बसवलं.

"मावशी, काटा दोनदा बघितलाय. तुमच्या मीटरची युनिटंसुद्धा तेवढीच उतरली आहेत. दोन्ही एकदम कशी चुकतील?" मग म्हणाली, "तुम्ही रात्री घरी असता. दिवसा कोण असतं?"

मी म्हटलं, दिवसा हे असतात.

ती माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिली.

दुकानात जायचं होतं, पण पाय घराकडे वळले. भर दुपार होती. जिना चढताना मी चपला काढून हातात घेतल्या. आपल्याच घरात चोरासारखी. दुसऱ्या मजल्याचं वळण आलं, गेलं. घरघर नाही. दाराशी पोचले तरी नाही.

कुलूप उघडलं. वन्सं अजून यायच्या होत्या. हे खिडकीशी खुर्चीत होते. नळी गळ्यात लोंबत होती, मशीनचा दिवा विझलेला. ओठ कसले झाले होते ते मी लिहिणार नाही. मला बघून ह्यांचा हात बटणाकडे गेला, पण पोचेना. मीच दाबलं. नळी नाकाला लावली आणि समोर फरशीवर बसले. बोलण्याइतका दम यायला ह्यांना बराच वेळ लागला.

"तासाला चार बटणं," हे म्हणाले. "तूच सांगितलंस."

"मी गंमत केली होती."

"हिशेब बरोबर होता तुझा." मग थांबून, दम घेऊन, "दिवसाची सात तासांची अठ्ठावीस झाली. तेवढी तू लावू नयेस, इतकंच. संध्याकाळी घरी असशील. मला वाटलं, दिवसा मी नुसता बसतो, बसलेल्या माणसाला किती हवा लागते."

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. रागावले खूप. एवढं आठवतं की म्हटलं, "सवलत गेली ना त्यानेच. जितकं वापराल तितकीच देतात. तुम्ही वाचवलंत आणि त्यांनी तेवढं कापलं."

ह्यांनी हे दोनदा विचारून घेतलं. जिना काढून दाखवला तेव्हा, दोन्हींतलं कमी ते धरतात, हे मी सांगितलं नव्हतं का? नव्हतं सांगितलं. मला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं.

"म्हणजे फुकटच," हे म्हणाले आणि हसायला गेले. मला ते हसणं बघवलं नाही.

२० डिसेंबर

ह्यांना हॉस्पिटलात दाखल केलं. छातीत पाणी, हृदयावर ताण. लेक आली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं आणि मी खरं ते सांगितलं. ते ओरडले नाहीत. असं करणारे बरेच असतात म्हणाले. बोलून गेले तरी मी बराच वेळ तिथेच भिंतीला टेकून उभी होते. बरेच असतात म्हणजे किती घरांत अशी शांतता असेल दुपारची?

२९ डिसेंबर

घरी आलो. आता सोळा नाही, चोवीस तास. दुकानवाल्याला संध्याकाळचं काम नको म्हणून सांगितलं, तो म्हणाला घरी न्या. आता कोट घरीच येतात. मी ह्यांच्या पायाशी बसून शिवते. लेक महिन्याला काही पाठवणार आहे. ह्यांनी ह्या वेळी मान हलवली नाही.

शालवालीने सांगितलंय, डॉक्टरांचं नवं पत्र आणा, महिनाभर काटा पूर्ण चालू द्या, मी फेरतपासणी लावते.

१४ जानेवारी

बोलणं वाढलंय आमचं. मशीनच्या वरताण ओरडून बोलतो. शेजारणीने भिंत ठोकली, तिला वाटलं आम्ही भांडतोय. हे तिला ओरडून म्हणाले, भांडत नाही हो, प्रेमाने बोलतोय. मग पाच मिनिटं खोकले. पण हसत खोकले.

ह्यांच्या मनात काय होतं ते मी आज विचारलं. सात तास गप्प बसून काय करत होतात? म्हणाले, सुरुवातीला बरं वाटायचं. रस्त्यावरचं सगळं ऐकू यायचं, सायकलींच्या घंटा, धाकटीचं बोलणं. मग डोकं जड व्हायचं आणि काही ऐकू यायचं नाही. मग तू यायचीस.

मी विचारलं, भीती नाही वाटली?

"तू जिना चढायला लागलीस की वाटायची. हात वेळेवर पोचेल का म्हणून."

२ फेब्रुवारी

कॅनव्हासच्या बुटांचा माणूस आला. वाकून काटा वाचला आणि ह्यांच्याकडे बघून नुसती मान डोलावली. ह्यांनी त्याला बस म्हटलं. दोघं दगडांबद्दल बोलत होते. त्याचे वडीलही त्याच कामात होते.

११ फेब्रुवारी

सवलत पूर्ण मंजूर. पत्र ह्यांच्या हातात दिलं. चष्मा मागितला, पट्टी मागितली. ओळ न् ओळ वाचली. म्हणाले, कर हा सवलत वजा केल्यावर लावायला हवा, कंपनीने आधीच लावलाय, जाऊन सांग. मी गेले. शालवालीने बघितलं आणि म्हणाली, बरोबर आहे त्यांचं.

ह्यांना सांगितलं तेव्हा डोळे मिटूनच म्हणाले, आकडे माझे.

५ मार्च

हे सोमवारी सकाळी गेले. मी चहा गाळत होते. मशीन चालू होतं, म्हणून मला कळलं नाही. ते चालूच राहिलं, वन्सं येईपर्यंत. मग त्यांनी बंद केलं.

२२ मार्च

आज ऑफिसात गेले. मशीन परत दिलं की सवलत बंद करायला कळवावं लागतं, नाहीतर पुढे दंड. लेक म्हणाली मी जाते. मी म्हटलं, मला कळतं त्यातलं.

शालवालीने खिडकीतूनच हात बाहेर काढून माझा हात धरला. अर्धवट महिन्याचा हिशेब करावा लागतो. तो तिने माझ्यासमोर केला, मी बरोबर बघत होते. शेवटच्या दिवसाचे तास किती धरू, म्हणून तिने विचारलं. मी सांगितलं. "आणि त्याआधीचे?" नियमाप्रमाणे तिला विचारावंच लागतं.

"पूर्ण," मी म्हटलं. "एकही तास कमी नाही."

वळले तर मागे रांगेत एक तरुण बाई, हातात बिल, चेहरा असा की माझाच जुना फोटो. तिने माझं बोलणं ऐकलं असावं. तिच्या वडिलांना गेल्याच आठवड्यात मशीन लागलंय. सवलत कशी काढतात ते सांगाल का, म्हणाली. आम्ही बाकावर बसलो. मी तिचं बिल उलटं करून जिना काढला. ठरलेला आकार वेगळा, मशीनची युनिटं वेगळी, अर्जाच्या तारखेपासून पुढे, कर लावायचा तो सवलत वजा करून. दोन्हींत जे कमी ते, हे दोनदा सांगितलं, खाली रेघ मारली. तिला सगळं कळलं. हुशार होती.

म्हणाली, घरी जाऊन बाबांना दाखवते, त्यांना हिशेबाची फार आवड आहे.

मी तो कागद घडी घालून तिच्या पर्समध्ये आत ठेवला. म्हटलं, "हा तुझ्याजवळच असू दे. त्यांना एवढंच सांग की बिल कमी झालंय."

"पण अजून कुठे झालंय?"

"नसलं झालं तरी सांग."

तेवढ्यात तिचा नंबर आला.